भिंतीवरची पाठमोरी

वाशीमच्या मुलींच्या शाळेत कस्तुराबाईंना पोरी त्यांच्यामागे 'पाठमोऱ्या बाई' म्हणतात. नव्या पोरींना वाटतं, बाई सदा फळ्याकडे तोंड करून शिकवतात म्हणून हे नाव पडलं. जुन्यांना ठाऊक आहे की हे नाव शाळेतलं नाही. ते अजबबंगल्याच्या भिंतीवरून उतरून बाईंच्या अंगाला चिकटलं आहे.

अजबबंगला म्हटलं म्हणून नागपूरसारखी दांडगी इमारत डोळ्यांपुढे आणू नये. आमचा अजबबंगला म्हणजे वाचनालयामागच्या दोन खोल्या. विहिरी खणताना निघालेल्या दगडी मूर्ती, कुणाचं नाक गेलेलं, कुणाचा हात. एक गंजलेली तलवार, थोडी नाणी, आणि काचेच्या पेटीत सुसरीचा जबडा. बाजाराच्या दिवशी खेड्यातली माणसं त्या जबड्यापुढे हात जोडूनसुद्धा जायची. हे सारं सांभाळायचे इंद्रभानजी. कचेरीतून पेन्शनीत निघालेले, डोक्याला रुमाल, आणि बोलणं असं की रस्त्यापलीकडे ऐकू जावं. भिंतीची कल्पना त्यांचीच.

"आत मेल्या राजायचं सामान ठेवलं," ते म्हणायचे, "तं बाहीर जित्या मानसायचं काही पायजे का नाही?"

म्हणून रस्त्याकडच्या भिंतीवर दरसाल गावातल्या एका पुऱ्याचं, म्हणजे वस्तीचं, चित्र निघायचं. एका साली कोष्ट्यांचा पुरा, दुसऱ्या साली कासारांचा. काढायच्या मुलींच्या शाळेतल्या पोरी. त्यांतली एक मुख्य. आखणी तिची, शेवटचा हात तिचा. दिवाळीच्या पाडव्याला तरटाचा पडदा ओढायचा, सारं गाव जमायचं, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तेच चित्र उन्हात उभं राहायचं. मग त्यावर चुना, आणि दुसऱ्या पुऱ्याची पाळी.

त्या चुन्याचा इंद्रभानजींनी एक नियम घालून दिला होता: ज्या पोरीनं चित्र काढलं, तिनंच ते चुन्यानं पोतारायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

"दुसऱ्यानं पोतारलं तं भांडन लागते," ते सांगायचे. "आपल्या हातानं पोतारलं तं कोनाले बोलसान?"

बारा-तेरा वर्षांच्या पोरी हसत-खिदळत आपली चित्रं पोतारून टाकायच्या, अंगावर चुना उडवायच्या, घरी जाऊन मार खायच्या. नियम बरा चालला होता. कस्तुराबाईच्या हाती कुंचला आला तोपर्यंत.

कस्तुराबाई तेव्हा बावीस वर्षांची होती. जऊळक्याकडच्या खेड्यातली. लग्न झालं, दोन सुगी सरल्या, आणि नवरा पटकीत गेला. भाऊ उकंडराव तिला माहेरी घेऊन आला आणि पाट लावायच्या गोष्टी करू लागला. ती चुलीपुढून म्हणाली, "दादा, मले शाळेत घाल. मास्तरीन होईन."

"आता? या वयात?"

"मंग कवा? पुढच्या जल्मी?"

उकंडरावानं तिला जऊळक्याच्या स्टेशनावर गाडीत बसवून दिलं. वाशीमला माळीपुऱ्यात आत्या होती, रुखमाबाई, तिच्याकडे ती राहिली. वर्गातल्या पोरी तिच्या कमरेला लागायच्या. पहिल्या दिवशी एकीनं तिलाच बाई समजून पाटी तपासायला दिली होती.

हिशेबात ती मागे पडायची, कविता तिच्या तोंडी बसायच्या नाहीत. पण चित्राच्या तासाला तिच्या हातातला खडू असा चालायचा की हेडबाई गोमतीबाई शिकवणं थांबवून पाहत राहायच्या. माळीपुऱ्याची पाळी आली त्या साली कुंचला तिच्याच हाती दिला गेला. तिनं मळ्यातली विहीर काढली, मोट ओढणारे बैल काढले, वांग्याचे वाफे काढले, आणि अगदी उजव्या कडेला, चित्रातून बाहेर निघाल्यासारखी, एक बाई काढली. पाठमोरी. विटकरी लुगडं, डाव्या खांद्यावर किंचित भार टाकलेला, मान वळवू की नको अशा बेतात थबकलेली.

गावानं त्या बाईला डोक्यावर घेतलं. माणसं बैल सोडून तिच्यापुढेच उभी राहायची.

"कोन हाये व हे?"

"तोंडच नाही दिसत तं कोन सांगन?"

"माही बहीन वाटते. अशीच उभी राह्यते."

ज्याला जी हवी ती बाई त्यात दिसायची. कस्तुराबाई शाळेत जाताना मुद्दाम वळसा घालून तिथून जायची आणि हे ऐकायची. खरी गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. तिला चेहरा काढता यायचा नाही. काढायला बसली की डोळे दोन दिशांना जायचे आणि नाकाचं वांगं व्हायचं. म्हणून बाई पाठमोरी. पण ती बाई भिंतीवर होती तोवर कस्तुराबाईला कुणी 'ते मेलेल्याची बायको' म्हटलं नाही. 'ते भिंतवाली' म्हणायचे. जन्मात पहिल्यांदा तिची म्हणावी अशी एक वस्तू झाली होती, आणि ती दिवसाउजेडी, भर रस्त्यावर उभी होती.

पुढची दिवाळी जवळ आली. सदतीस साल. गोमतीबाई वर्गावर आल्या, छडी टेबलावर ठेवली.

"यंदा पाळी रंगारीपुऱ्याची," त्या म्हणाल्या. "मुख्य कुंचला कोणाच्या हाती द्यायचा, ते मी ठरवलं आहे."

कस्तुराबाईनं गुडघ्यावर हात टेकले आणि ती अर्धी उठलीही.

"नसीम, उभी राहा बाळ."

उठलेलं माणूस तसंच खाली कसं बसणार? कस्तुराबाईनं सतरंजीचा कोपरा उचलला, जोरजोरात झटकला, आणि जणू त्यासाठीच उठली होती अशी पुन्हा बसली. शेजारच्या पोरी शिंकू लागल्या.

नसीम फय्याज रंगरेजाची पोरगी. तेरा वर्षांची, काटकुळी. तिचे हात पाहिले की रंगारीपुऱ्यात आज कोणता रंग चढवला ते कळायचं. सोमवारी निळे, गुरुवारी हिरवे. त्या दिवशी ते कोपरापर्यंत लाल होते, आणि ते लाल हात तोंडावर दाबून ती हसत होती.

"मी? बाई, मी सच्ची?"

"तू सच्ची," गोमतीबाई म्हणाल्या. "तुझा पुरा, तुझे रंग. आणि कस्तुराबाई, तुम्ही चुन्याचं बघाल ना?"

"बघीन," कस्तुराबाई म्हणाली.

संध्याकाळी रुखमाबाई चुलीपाशी येऊन बसली.

"काय झालं व? तोंड काहून पाडलं?"

"काही नाही."

"काही नाही तं भाकर काहून फाडून राह्यली? तिसरी हाय हे."

कस्तुराबाईनं पीठ पुन्हा गोळा केलं. "आत्या, तेरा वर्साची पोरगी हाये ते. तिले बाप हाये, माय हाये. बाप रस्त्यानं चालला का सांगत जाते, माही नसीम, माही नसीम. पुढच्या साली तिले दुसरं काही भेटन. त्याच्या पुढच्या साली अजून काही. मले काय भेटनार हाये?"

"मंग तू तिच्यावर जळून राह्यली?"

"हो."

"कबूल तरी करतं तू," रुखमाबाई म्हणाली, आणि फाटलेली भाकर स्वतःच्या ताटात घेतली.

जळणं म्हणजे नुसतं कुढत बसणं नसतं. ते माणसाला कामाला लावतं. कस्तुराबाईच्या डोक्यात त्या पोरीच्या हातांवरचा लाल बसला होता. भिंतीवर लाल म्हणजे गेरू, आणि गेरू म्हणजे वाळल्यावर विटेचा तुकडा. नसीम मात्र सरावाच्या पाटीवर असा लाल लावायची की पाटी पेटल्यागत दिसायची. कस्तुराबाईनं घरी गेरूत कुंकू घालून पाहिलं. काळपट झालं. हळद घालून पाहिली, शेणासारखं झालं. शेवटी आत्याचं विटलेलं लुगडं काखेत मारून ती रंगारीपुऱ्यात गेली.

फय्याजच्या अंगणात दोऱ्यांवर दोऱ्या होत्या आणि त्यांवर ओली लुगडी. खालून माणसांचे नुसते पाय दिसायचे, मधूनच एखादा हात वर येऊन काठ सारखा करायचा.

"या बाई, या या," फय्याज हंड्यामागून म्हणाला. "तुमीच ना ते भिंतवाल्या? आमची नसीम दिवसभर तुमचंच नाव घेते. आपानं असं काढलं, आपानं तसं काढलं. कोनता रंग देऊ?"

"लाल," कस्तुराबाई म्हणाली.

आतून पडद्याआडून नसीमच्या आईचा, सुलतानबीचा, आवाज आला, "नसीम, आपाकू चाय पूछ!"

नसीम धावत आली. हातात वाटी, वाटीत ओला लाल लगदा. कस्तुराबाईची नजर त्यावर पडली आणि पोरीनं वाटी सरळ तिच्या हातात दिली.

"पाहा ना आपा. खडूची भुकटी भिजवाची, त्याच्यात कपड्याचा रंग वतायचा, अन् झाकून ठेवाचं. रंग खडूत बसते. वरचं पानी फेकून द्याचं. मंग डिंक. बस. अब्बानं सांगतलं."

कस्तुराबाई वाटी धरून उभी राहिली. चोरायला आली होती आणि घरमालकानं गाठोडं बांधून हातावर ठेवलं होतं. या पोरीला काही लपवून ठेवावंसंसुद्धा वाटत नव्हतं. त्याचा तिला अधिकच राग आला.

"अन् काढशीन काय?" तिनं विचारलं.

"हेच. दोऱ्या, लुगडे, अन् त्याच्यामागचे लोकं. चेहरे नाही काढायची मी. अम्मी म्हनते, नको काढू. मंग पाय काढीन, हात काढीन." नसीमनं एका लुगड्यामागे जाऊन नुसता कोपर बाहेर काढून दाखवला. "असं. मानूस वळखू येते का नाही?"

येत होतं. कोपरावरूनही कळत होतं की पोरगी हसते आहे.

कस्तुराबाई घरी परतली ती वाटभर त्या कोपराशी भांडत. मला चेहरा येत नाही म्हणून मी पाठ काढली, आणि हिनं नियमच असा केला की चेहऱ्याची गरज उरू नये. माझं उणं ते हिचं बळ!

चुन्याचा दिवस उजाडला. घमेल्यात चुना, त्यात डिंकाचं पाणी, हातात अंबाडीचा कुंचा. इंद्रभानजी खुर्ची टाकून बसले होते, पोरी कडेला उभ्या होत्या.

"मोहरत पाहाचा हाये का?" इंद्रभानजींनी आवाज दिला. "मार ना हात!"

तिनं विहिरीवर पहिला हात मारला. बैल गेले, वाफे गेले. पहिला हात वाळला तसा दुसरा, मग तिसरा. पहिल्या दोन हातांना ती उजव्या कडेकडे फिरकली नाही. पाठमोरी पांढऱ्या भिंतीत एकटी उरली, पोरी चहाला गेल्या, इंद्रभानजींचा डोळा लागला.

कस्तुराबाई तिच्यासमोर उभी राहिली. मग घमेल्यात लोटाभर पाणी ओतलं, चुना दुधासारखा पातळ केला, आणि कुंचा अगदी हलक्या हातानं खांद्यावरून खाली ओढला. एकच हात. वाळल्यावर इतर भिंतीसारखीच पांढरी दिसेल इतका, आणि त्याहून तसूभर जास्त नाही.

"दबून राह्य," ती पुटपुटली. "येळ आली का निघजो."

निघून काय करावं असं तिला वाटत होतं? नसीमच्या चित्राची नासाडी? एखाद्या लाल लुगड्यातून विटकरी डाग फुटावा आणि गावानं म्हणावं, अरे, ही तर भिंतवालीची बाई? असंच काहीसं. आणि त्याच्याही खाली, की जिवंत वस्तू गाडायला हात उठत नाही, हेही. दोन्ही खरं होतं. पहिलंच जास्त खरं होतं.

पण चुन्याचा एक खोडसाळ गुण तिच्या ध्यानात राहिला नाही. पातळ चुना वाळला की झाकतो आणि भिजला की पुन्हा उघडतो. आणि रंग धरावा म्हणून भिंत आधी भिजवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नसीमनं बादली भरली. पोरींनी केरसुण्या बुडवून भिंतीवर सपासप पाणी मारलं. डावीकडून सुरुवात केली, हसत, एकमेकींना भिजवत. उजव्या कडेला पाणी पडलं आणि एक पोरगी किंचाळली.

"वो माय! भूत!"

भिंतीतून बाई वर येत होती. आधी खांदा, मग अंबाडा, मग लुगड्याचा काठ. धुक्यातून कुणी चालत यावं तशी, पण पाठ इकडेच.

इंद्रभानजी खुर्चीतून उठले. "चुना कमी देल्ला? कस्तुराबाई! हे काय व?"

सगळ्या पोरी कस्तुराबाईकडे पाहत होत्या, गोमतीबाई पाहत होत्या, रस्त्यानं जाणारा एक बैलगाडीवालासुद्धा कासरा ओढून थांबला होता. लबाडी अंगाशी आली होती.

तेवढ्यात नसीमनं टाळी वाजवली.

"आपानं ठेवली! माह्यासाठी ठेवली!"

"आँ?" इंद्रभानजी म्हणाले.

"मी सांगतलं होतं ना त्याह्यले, मले चेहरे काढाचे नाही. म्हनून त्याह्यनं हे बाई ठेवली. इचा चेहराच नाही ना! अठीच दोरी येते माही, पाहा, बरोबर अठी." ती भिंतीपाशी धावली, ओल्या बोटानं हवेत दोरी आखली. "हे बाई दोरीपुढं उभी. आपा, तुमाले कसं समजलं?"

पोरींच्या तोंडावरचं भय उतरलं. गोमतीबाईंच्या डोळ्यांत असं काही आलं की कस्तुराबाईला तिकडे बघवेना. "कस्तुराबाई," त्या हळू म्हणाल्या, "एवढं मोठं मन मला नसतं झालं."

नुसतं हसायचं होतं. मान हलवायची होती. लबाडी झाकली गेली असती, वर मोठेपणा मिळाला असता, आणि बाई जगली असती. कस्तुराबाईच्या ओठांवर ते हसू येऊ घातलंही होतं.

"मी तिले लाल नेसवीन," नसीम म्हणाली. "अब्बाचा सगळ्यात चांगला लाल. विटकरी लुगड्यात मेली वाटते बिचारी. लालात पाहाल तं वळखू नाही येनार!"

हसू तिथंच थिजलं.

ओळखू येणार नाही. बरोबर. पाडव्याला पडदा उतरेल, गाव जमेल, आणि माणसं म्हणतील, काय बाई काढली रंगरेजाच्या पोरीनं! खांदा कस्तुराबाईचा, ती थबकलेली मान कस्तुराबाईची, आणि नेसवलेला लाल नसीमचा. आणि डोळ्यांत भरणार तो लालच. नवरा गेल्यावर जे लाल लुगडं तिला पुन्हा नेसायला गावानं मनाई केली होती, ते तिची बाई नेसणार, तेही एका पोरीच्या मेहेरबानीनं.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही आपा?"

"ठेवली नव्हती. राह्यली होती." तिनं पदर खोचला, घमेलं ओढलं, चुन्याचा खडा घालून तो दह्यासारखा घट्ट केला.

"आपा, राहू द्या ना!" नसीमनं तिचा हात धरला. लाल बोटांचे ठसे तिच्या दंडावर उमटले. "मले अशी नाही काढता येत. मी लय येळा काढून पाह्यली घरी. तो खांदाच नाही जमत."

हे ऐकून दुसऱ्या कुणाचा हात थांबला असता. कस्तुराबाईच्या अंगातून मात्र गोड शिरशिरी गेली. नाही जमत. हिला नाही जमत!

"तुही तू काढ," ती म्हणाली. "माही माह्यासंगं जाईन."

तिनं घट्ट चुना उचलला आणि भिंतीवर थापला. खांद्यावर, मानेवर, पाठीवर. वाळायची वाट न पाहता दुसरा हात, त्यावर तिसरा. इंद्रभानजींचा नियम तिनं त्या दिवशी पुरा पाळला, आणि असा पाळला की कुणाला बोलायला जागा राहिली नाही.

गोमतीबाई जवळ आल्या. "तुमचंच होतं ना ते?"

"म्हनूनच," कस्तुराबाई म्हणाली.

त्यानंतर पडदा लागला आणि ती तिकडे फिरकली नाही. रुखमाबाई रोज बातम्या आणायची. आज दोऱ्या आखल्या म्हणे. आज निळा चढला म्हणे. कस्तुराबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि एखादा दिवस आत्यानं काही सांगितलं नाही तर स्वतःच विचारायची, "पुढे?"

पाडव्याला ती गेली. न जाऊन चाललं नसतं. गावानं नावं ठेवली असती. विटकरी लुगडं नेसून गर्दीच्या मागे उभी राहिली. फय्याज पुढे होता, नवी टोपी घालून, दिसेल त्याला सलाम करत. इंद्रभानजींनी दोरी ओढली, तरट खाली आलं, आणि गर्दीतून एकच आवाज निघाला, श्वास आत ओढल्याचा.

भिंतभर लुगडी वाळत होती. निळी, हिरवी, आणि तो लाल. वाऱ्यानं फुगलेली, पाण्यानं जड झालेली. त्यांच्याखाली पाय, एक पाय दुसऱ्यावर खाजवत होता. एका काठावर चार बोटं. एका फटीतून नुसता कोपर. सारा पुरा त्यामागे बोलत-भांडत असल्यागत.

कस्तुराबाई उणं शोधू लागली. डोळे फाडून शोधू लागली. आणि उजव्या कडेला तिला ते सापडलं. सगळ्यात मोठं लाल लुगडं तिथं होतं, आणि त्याच्या ऐन मधोमध पांढरी जागा सुटली होती. कोरा चुना. माणसाएवढा.

"हे काय व पोरी?" इंद्रभानजी ओरडले. "अठी रंग सरला का?"

"नाही जी," नसीम म्हणाली. "तठी एक बाई होती. मले नाही जमली."

कस्तुराबाई गर्दी सारत पुढे गेली. तिला खात्री करून घ्यायची होती. अपुरं आहे, सारं गाव बघतं आहे की अपुरं आहे, हे अगदी जवळून पाहायचं होतं. ती भिंतीपाशी पोचली. कोऱ्या जागेच्या कडेला लाल रंग थांबला होता तो तिनं निरखला. कुठं ओघळ नव्हता, कुठं घाई नव्हती. रंग सरलेल्या माणसाचं काम नव्हतं ते. पोरीनं कड अशी राखली होती की जणू आत कुणी उभं आहे आणि त्याला धक्का लागता कामा नये.

मागे गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. मग एक बाई म्हणाली, "अगं माय, पाहा! आली पाहा ते पाठमोरी!"

"कुठी?"

"ते काय! तेच लुगडं! तसाच खांदा!"

आणि टाळ्या वाजू लागल्या. मागून दिसत होतं ते एवढंच: लाल लुगड्यापुढे, नेमक्या त्या कोऱ्या जागी, एक बाई पाठमोरी उभी आहे, डाव्या खांद्यावर किंचित भार टाकून. फय्याजनं "वाह!" म्हटलेलं तिला ऐकू आलं. "आपा!" अशी नसीमची हाकही आली. गावाला वाटलं, दोघींनी ठरवून केलं.

तिनं मान वळवली नाही. तोंडावर काय होतं ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं, आणि ते टाळ्या वाजवणाऱ्यांना दाखवायची तिची तयारी नव्हती. टाळ्या थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली. लाल रंग इतका जवळ होता की त्यातल्या डिंकाचा वास येत होता.

तेव्हापासून ती पाठमोरी.

पुढच्या साली ती परीक्षा पास झाली आणि त्याच शाळेत मास्तरीण म्हणून लागली. फय्याज रंगरेज मंगरूळपीरला गेला. दर्ग्यापाशी चादरींना गिऱ्हाईक बरं, म्हणाला. नसीम त्याच्यासंगं गेली. जाताना शाळेत येऊन रडली, कस्तुराबाईच्या गळ्यात पडली. कस्तुराबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मनात म्हटलं, गेली एकदाची.

दिवाळी आली, भिंत पोतारायची वेळ आली, आणि इंद्रभानजी नियमात अडकले. ज्यानं काढलं त्यानंच पोतारायचं, आणि काढणारी तर गावात नाही.

"मीच पोतारीन," कस्तुराबाई म्हणाली.

"तुमी?" इंद्रभानजींनी रुमाल मागे सारला. "घट्ट द्या पण. मांगच्यासारखं नको."

वर्षभर ती याची वाट पाहत होती. निळ्यावर तिनं घट्ट हात मारले, हिरव्यावर मारले. पाय गेले, बोटं गेली, तो कोपर गेला. उजव्या कडेशी आली तेव्हा घमेल्यात चुना बराच होता. कस्तुराबाई थांबली. कोऱ्या जागेला चुन्याची गरजच नव्हती. ती आधीच पांढरी होती. सभोवतीच्या लालावर तिनं कुंचा टेकवला, आणि मग उचलला. लोटाभर पाणी आणून घमेल्यात ओतलं.

एकच हात दिला.

सगळे गेल्यावर, चुना वाळून भिंत सारखी पांढरी झाल्यावर, तिनं इकडं तिकडं पाहिलं. रस्त्यावर एक म्हातारी शेळी हाकत होती, बाकी कुणी नव्हतं. कस्तुराबाईनं लोटा भरला आणि उजव्या कडेवर फेकला. वर्षभर ती स्वतःला सांगत आली होती की तो लाल वाटला तेवढा काही चांगला नव्हता. पहिल्या दिवशी सगळंच चांगलं दिसतं, गर्दीत माणसाला भुरळ पडते, वगैरे.

चुना भिजला आणि लाल वर आला.

चांगला होता. वर्षभर ऊन खाऊनही चांगला होता. कस्तुराबाईनं दात आवळले. पाणी ओघळत होतं तोवर ती त्याच्याकडे बघत राहिली, कोऱ्या जागेसमोर, पाठ रस्त्याकडे करून. मग भिंत कडेकडून वाळू लागली, लाल विरत विरत आत गेला. ती वाकली, लोटा पुन्हा भरला, आणि पुन्हा फेकला.